बंद खोलीतला पंखा

अप्पा, तुमच्या खोलीला रंग दिला. तुम्हांला विचारायचा प्रश्नच नव्हता, पण आईलाही नीट विचारलं नाही. तिला एवढंच सांगितलं की तू थोडे दिवस पापनाशमला मामाकडे जाऊन राहा, इकडे मी जरा साफसफाई करते. "साफसफाईला मला कशास घराबाहेर काढतेस?" म्हणाली, पण गेली. गुडघ्यांमुळे हल्ली ती फार वाद घालत नाही. डॉक्टरांनी तिला ताकीद दिलीय, खाली बसायचं नाही आणि खाली झोपायचं तर मुळीच नाही. आणि आई तुम्ही गेल्यापासून हॉलमध्येच चटई टाकून झोपत आलीय, झोपाळ्याच्या पलीकडे, देवांकडे पाय नकोत म्हणून जरा तिरकी. हॉलमध्ये कट्टिल, तुमची ती खाट, मावत नाही. झोपाळा काढला तर मावेल, पण झोपाळा काढू म्हटलं की ती असं बघते, जसं काही मी तिलाच काढून टाकतेय. म्हणजे कट्टिल आहे तिथेच राहणार, तुमच्या खोलीत, आणि आईलाच तिथे जायला लागणार. ज्या खोलीत तुम्ही गेलात त्या खोलीत. इतक्या वर्षांत तिने तिथे एकदाही पाठ टेकलेली मी पाहिलेली नाही. आत जाते, कपड्यांचा बीरो उघडते, साडी काढते, बाहेर येते. मी मनात ठरवलं होतं की खोली इतकी बदलून टाकायची, इतकी, की दारात उभं राहिल्यावर तिला तुम्ही आठवूच नयेत. हे तुम्हांलाच लिहितेय, वाईट वाटून घेऊ नका.

पैसे फार नव्हते. मी कॉलेजात शिकवते, पण टेंपररी, सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. म्हणून भिंती मीच खरवडल्या, डोक्याला तुमचा जुना टॉवेल बांधून, आणि पेंटरला फक्त छताला आणि वरच्या दोन हातांना बोलावलं. मला फिका हिरवा पाहिजे होता. पेंटरकडे एका कल्याणमंडपाचं काम करून उरलेला गुलाबी डबा होता आणि तो त्याला काहीही करून खपवायचा होता. "मॅडम, हा मंगल रंग. या रंगात किती लग्नं झालीत, विचारा." मी म्हटलं, मला लग्न नाही करायचं, आईला झोपवायचंय. तो म्हणाला, "झोपेलाही मंगलच लागतं ना मॅडम?" शेवटी किमतीपुढे मी हरले. त्या गुलाबीत आम्ही पांढरा ओतत गेलो, ओतत गेलो, तरी तो गुलाबीच राहिला. आता खोली ना मंडपासारखी दिसते, ना घरासारखी. लाल फरशी मात्र छान निघाली. साबणाने घासली, मग खोबरेल तेलाचा बोळा फिरवला, तर अशी चकाकली की मी स्वतःच घसरले. मग आईचे गुडघे आठवले आणि सगळं तेल पुन्हा साबणाने काढलं. असा एक अख्खा दिवस गेला, तेल लावण्यात आणि काढण्यात.

बीरो हलवला. तो खिडकीच्या अर्ध्यावर उभा होता हे मला कधी कळलंच नव्हतं, कारण ती खिडकी मुळात आहेच एवढीशी. भात साठवायची खोली ही, तिला खिडकी कोण मोठी ठेवणार. शेत गेलं, पोती यायची बंद झाली, आणि तुमच्या लग्नाच्या वेळी तिला सगळे अचानक बेडरूम म्हणायला लागले, असं आई सांगते. पण नाव बदलून वारा येत नाही. पावसाळ्यात अजून कोपऱ्यात कोंड्याचा वास येतो, रंगाच्या वासाच्या खालून, या वर्षीही येईल. बीरो सरकवल्यावर दुपारचं ऊन पहिल्यांदा कट्टिलपर्यंत आलं. पडद्याला कापड घ्यायचं होतं, दुकानात जाऊन भाव विचारून परत आले, आणि बीरोतून तुमची नेसायची एक वेष्टी काढली, हिरव्या काठाची, मधून अर्धी कापली. शिवताना हात जरा थांबला. पण काठ खाली आला आणि पडदा दुकानातल्यापेक्षा चांगला दिसला, खरं सांगते.

आणि वर पंखा. त्याला मी सगळ्यांत शेवटी हात लावला.

मी शाळेत होते तेव्हाचं. तुम्ही ओरत्तनाडूच्या ऑफिसातून येता. बस स्टँडपासून चालत, सदऱ्याची पाठ ओली, हातात डबा. चप्पल काढता, विहिरीवर पाय धुता, आईला "आलो" म्हणता आणि सरळ खोलीत. सदरा खुंटीला, तुम्ही कट्टिलवर उताणे, दोन्ही हात डोक्याखाली, आणि मग ते: "पाच." एवढंच. रेग्युलेटर फिरवायचं काम माझं. मी स्टुलावर चढून पाचवर आणते, पंखा आधी कुरकुरतो, मग गरगर, आणि प्रत्येक फेऱ्याला एक टक्. तालुका ऑफिसात दिवसभर लोकांचं ऐकून आलेला माणूस, त्याला कोणाचं काही ऐकायचं नसायचं, फक्त ते टक्. एकदा मी वहीच्या कागदाचे तुकडे करून पंख्याच्या पात्यांवर पसरून ठेवले. तुम्ही आलात, झोपलात, "पाच" म्हणालात, आणि तुमच्यावर पाऊस. मला वाटलं हसाल. तुम्ही उठून बसलात आणि म्हणालात, "पंखा म्हणजे खेळ वाटला काय? पात्याला धक्का लागून वाकलं तर?" मी ते तुकडे एकेक करून गोळा केले, कट्टिलच्या खालून, तुमच्या केसांतूनही. तुम्ही डोळे मिटून घेतले, केस माझ्या हातात देऊन. मग माझ्या वाढदिवसाला, मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही रजा काढून घरी होतात, म्हणालात, "झोप जरा कट्टिलवर, दमलीस." मी झोपले. तुम्ही रेग्युलेटर फिरवलात. वरून गोल गोल बारके ठिपके पडले, पांढरे, पिवळे, फायलींच्या पुठ्ठ्यांचे गुलाबी. ऑफिसातल्या पंचिंग मशीनच्या पोटातले. किती दिवस खिशात भरून आणत होतात कोण जाणे. आई दारात उभी राहून म्हणाली, "आता झाडायला कोण?" आणि तुम्ही म्हणालात, "सरकार."

मग ती दुपार. तुम्ही जेवलात, आडवे झालात, आणि चहाला उठला नाहीत. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. खोलीत माणसं मावत नव्हती, फार उकडत होतं, कोणीतरी पंखा पाचवर केला. तुम्हांला बाहेर हॉलमध्ये आणलं. वाध्यार आले, त्यांनी वेळ विचारली, पंचांग पाहिलं, आणि मान हलवली. धनिष्ठा. धनिष्ठा नक्षत्रावर माणूस गेला तर ती जागा सहा महिने बंद ठेवायची, कोणी आत जायचं नाही, आतलं काही बाहेर आणायचं नाही. आईने फक्त "बरं" म्हटलं. मामाने दार ओढलं, कुलूप घातलं, आणि किल्ली जानव्याला बांधली, म्हणजे कोणी मागू नये. सगळं पटकन झालं. तुम्हांला नेलं, माणसं पांगली, संध्याकाळी घर गप्प झालं, तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. गरगर, टक्. गरगर, टक्. बटण आत, आणि दार आता सहा महिने उघडायचं नाही.

मामाला तो फुकट चालणारा पंखा फार खुपला. दुसऱ्या दिवशी तो स्टूल घेऊन मीटरपाशी गेला आणि आईला म्हणाला, "अगं, दार कशास उघडायला पाहिजे? त्या लाइनचा फ्यूज काढतो, झालं."

"असूं दे, अण्णा."

"कशास असूं दे? एक दिवस जळेल तो. माणूस नाही आत, वारा कोणाला?"

"त्यांना उकडतं," आई म्हणाली.

मामा स्टुलावरून उतरला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. भेटायला येणारी माणसं दाराकडे बघायची, एकमेकांकडे बघायची. एक शेजारची मामी हळूच विचारते, "आत कोण आहे?" आई म्हणते, "कोणी नाही. पंखा." आणि कॉफी आणायला जाते.

ते सहा महिने, अप्पा. माझा कंपासबॉक्स आत राहिला होता, तुमचा चष्मा आत, आईची अर्धी शिवलेली उशी आत. मी शाळेतून येऊन दाराला पाठ लावून बसायची. लाकडातून पंखा पाठीत यायचा, अगदी बारीक थरथर. अभ्यास तिथे, खाणं तिथे. त्या वर्षी तामिळनाडूत करंट किती जायचा आठवतं का? नाही, तुम्हांला कसं आठवेल. तासन् तास जायचा. पंखा हळू होत होत थांबायचा, आणि मग करंट आला की कुरकुर, मग गरगर, मग टक्. मला वाटायचं तुम्ही ओरत्तनाडूला जाताय आणि येताय. हे मी कोणाला बोलले नाही, पण माझा हिशोब तसाच होता. करंट गेला, अप्पा बसमध्ये. करंट आला, अप्पा घरी. आणि आई, मी आईकडे बघायची आणि मला वाटायचं, हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ही त्यांच्यासाठी पंखा चालू ठेवते. केवढं प्रेम! मी मोठी झाल्यावर हॉस्टेलमधल्या मुलींना ही गोष्ट सांगितली तेव्हा एक-दोघी रडल्या होत्या. मीही ती बरी सांगायला शिकले होते.

सहा महिने झाले, पुण्याहवाचन झालं, मामाने जानव्याची किल्ली सोडली. आतून गरम वारा आला, धुळीचा. पंख्याच्या खाली फरशीचा एक गोल स्वच्छ होता, आणि सगळी धूळ चारी कोपऱ्यांत जाऊन बसली होती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर होतं, त्याची पानं फडफडून फडफडून कडांनी अशी पिंजली होती की कापसाचं फूल वाटावं, पण वरचं पान तेच, त्या दिवसाचं. मामाने बटण बंद केलं. पंखा थांबायला फार वेळ लागला. तो थांबला आणि मी ओरडून रडले, तुम्हांला नेलं तेव्हा रडले नव्हते तेवढी. आईने कट्टिलवरची चादर काढली, पिळ्यासारखी गुंडाळली आणि धुवायला घेऊन गेली. त्यानंतर तिथे कोणी झोपलं नाही. मी म्हणायची, आईला सहन होत नाही.

तर या आठवड्यात इलेक्ट्रिशियन आला, वर चढला, पंखा हलवून पाहिला आणि म्हणाला, बेअरिंग गेलंय, हूकही झिजलाय, हा काढा मॅडम, खाली आई झोपणार ना? मी म्हटलं, बघू, आई आली की ठरवू. त्याने तात्पुरतं तेल घातलं, हुकाला तार बांधली. मी पाती पुसली. सगळं बदलायला निघाले होते ना, मग हा का ठेवला? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, हा आईचा आहे, आईने ठरवावं.

आज सकाळी मामा तिला घेऊन आला. ती दारात उभी राहिली, चौकटीला धरून. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ती भिंतीकडे.

"अय्यो," ती म्हणाली, "पेरूच्या आत शिरल्यासारखं वाटतंय."

मामा मागून डोकावला. "कल्याणमंडप केलंस की ग! नवरामुलगा कुठे ठेवलास?"

"आणि हे काय?" आईने पडदा बोटांत धरला, काठ ओळखला. "त्यांची वेष्टी खिडकीत टांगलीस? रस्त्यावरून जाणारा म्हणेल, या घरात धुणं आत वाळत घालतात." पण पडदा सोडला नाही लगेच. मग कट्टिलवर बसली, हाताने दाबून पाहिलं, पाय वर घेतले, "आई ग" म्हणाली, गुडघ्यांसाठी. मी अजून दारातच. इतके दिवस जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. म्हटलं, "आई, झोपशील ना इथे? भीती नाही ना वाटत?"

"कसली?"

"म्हणजे, अप्पा इथे..."

"मला कधी वाटली भीती?" ती खरंच बुचकळ्यात पडली. "तूच यायची नाहीस, डी. खोली उघडली त्या दिवशी दारात पाय रोवून उभी राहिलीस. नक्को म्हणजे नक्को. तू आत झोपायला लागलीस तर मी हॉलमध्ये एकटी राहीन, म्हणालीस. एवढीशी पोर, एकटी कशी ठेवू? म्हणून मीही चटई टाकली."

"पण नंतर? मी त्रिचीला गेल्यावर?"

"नंतर सवय झाली. सुट्टीला आलीस की तू पुन्हा हॉलमध्येच अंथरायचीस. मग मी आत जाऊन काय करू?" आणि वर बघून म्हणाली, "हा अजून ठेवलास? कटकट किती करतो. नवा घाल एखादा, बिनआवाजाचा."

मी म्हटलं, "तूच तर तो बंद करू दिला नाहीस. सहा महिने. त्यांना उकडतं म्हणून म्हणालीस मामाला."

आई हसली, अप्पा. तोंडावर पदर घेऊन, मामाला ऐकू जाऊ नये म्हणून. "गेलेल्या माणसाला कसलं उकडतं? तू त्या दाराला पाठ लावून झोपायचीस. पंखा थांबला की दचकून उठायचीस, चालू झाला की पुन्हा झोप. फ्यूज काढू दिला असता तर मी तुला कशी झोपवली असती? आणि मामाला खरं सांगितलं असतं तर तुला पापनाशमला घेऊन गेला असता, ताईत बांधला असता, वाध्यारांना पुन्हा बोलावलं असतं. म्हणून काय सुचलं ते बोलले. त्यानंतर एक शब्द नाही बोलला बिचारा."

मग ती कट्टिलवर थोडी सरकली, माझ्यासाठी जागा केली, आणि हाताने थोपटलं. "ये, टेक जरा. किती दिवस राबतेस." मी म्हटलं, नको, कपड्यांना रंग आहे. "बरं," ती म्हणाली. "पाचवर ठेव आणि जा." मी हात लांब करून रेग्युलेटर फिरवला.

आता दुपार आहे. मामा जेवून झोपाळ्यावर बसलाय आणि पायाने हळूहळू झोका देतोय. आई आत घोरतेय, एवढ्या वर्षांनी गादीवर, आणि पंख्याच्या टक्पेक्षा तिचं घोरणं मोठं आहे. जे व्हायला पाहिजे होतं ते झालं. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून हे लिहितेय, आणि आता एक अडचण लक्षात आली. ही अक्षरं तुम्हांला येत नाहीत. आपण घरात मराठी बोललो, पण तुम्ही वाण्याची यादीसुद्धा तमिळमध्ये लिहायचात. ही लिपी मी कॉलेजात गेल्यावर शिकले. म्हणजे हे तुम्हांला द्यायचं तर मोठ्याने वाचूनच द्यायला पाहिजे, आणि कुठे वाचायचं तेही मला माहीत आहे. त्यासाठी पोस्टात जायला नको, त्या खोलीचा उंबरा ओलांडला की झालं. मामाने आत्ताच विचारलं, "काय लिहितेस एवढं? आत जाऊन पंख्याखाली तरी बस." मी म्हटलं, आई झोपलीय, तिची झोप मोडेल.

आईची झोप आता ढोल वाजवला तरी मोडणार नाही. आणि कपड्यांवर रंग कुठेच नव्हता, सकाळीच अंघोळ करून धुतलेले घातले होते. भिंती खरवडल्या, फरशी घासली, बीरो ढकलला, पडदा शिवला तोही इथे बाहेर बसून. त्या खोलीत मी सगळं उभ्याने किंवा ओणव्याने केलं, अप्पा. तुम्ही गेल्यापासून अजून एकदाही आत बसलेली नाही.